जावयाची मोटरसायकल विमानाने जाते

जावयाची मोटरसायकल आपल्या दुकानामागच्या शेडमध्ये ठेवायची वेळ आली, तेव्हा चष्मेवाल्यांनी ती हौसेने ठेवून घेतली असं कुणी म्हणणार नाही. या गाडीशी त्यांचं जुनं वाकडं होतं. लग्नाआधी हीच गाडी त्यांच्या चष्म्याच्या दुकानासमोर येऊन थांबायची आणि तिच्यावरून उतरलेला तरुण डोळे तपासायला आत यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा नंबर निघाला नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा त्याने तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ तर वाचलीच, वर तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. इतकी स्वच्छ नजर असलेला माणूस पुन्हा पुन्हा चष्म्याच्या दुकानात का येतो, हे कळायला चष्मेवाल्यांना आणखी एक खेप लागली. तेव्हा कुठे त्यांनी पाहिलं, की ही नजर तक्त्यावर नसून काउंटरमागे फ्रेमा पुसत बसलेल्या आपल्या मुलीवर आहे.

पुढे रीतसर लग्न झालं. वर्षभरात दोघं नोकरीसाठी परदेशी गेली. मुलाचे आईवडील तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि त्यांच्या बिल्डिंगमध्ये सायकल लावायलाही भांडण व्हायचं, म्हणून मोटरसायकल सासऱ्यांकडे आली. जाताना जावयाने फक्त एवढंच सांगितलं, की आठवड्यातून एकदा इंजिन चालू करा, नाहीतर गाडी धरते, इंजिन जाम होतं.

चष्मेवाले शब्दाला पक्के होते. आयुष्यभर ते सायकलवर फिरले होते, पण रविवारी सकाळी शेडमध्ये जाऊन ते इमानाने किक मारू लागले. पहिले काही रविवार त्यांनी गाडी नुसती चालू केली आणि हाताची घडी घालून तिच्यासमोर उभे राहिले, एखाद्या रुग्णाला पाहायला आल्यासारखे. मग उभं राहून पाय दुखतात म्हणून ते तिच्यावर बसू लागले. बसल्यावर गिअर पायाशीच होता. एका रविवारी गाडी शेडच्या दारापर्यंत गेली. त्यापुढच्या रविवारी ती गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि चष्मेवाले, तिनेच ओढून नेल्यासारखे, तिच्यावर बसून गेले.

मग काय, गाडी त्यांना चढली. त्यांनी लायसन्ससुद्धा काढलं. घरी सांगितलं, परवान्याचं काम आहे. बायको समजली दुकानाचा परवाना, आणि त्यांनी समजू दिलं. दर रविवारी सकाळी ते काचा घासणाऱ्या कारागिराकडे जाऊन येतो म्हणून निघायचे आणि गावाबाहेरच्या तलावापर्यंत गाडी पळवून आणायचे. एकदा वळणावर घसरले, गुडघा सोलवटला. घरी म्हणाले, शिडीवरून पडलो. बायकोने हळद लावली, फुंकर घातली आणि पुढे काही विचारलं नाही. आपली बायको भोळी आहे, असं त्यांचं तिच्याबद्दल लग्नापासूनचं मत होतं.

असं सगळं मजेत चाललं असताना एके दिवशी जावयाचा फोन आला. त्यांना आता गॅरेज असलेलं घर मिळालं होतं आणि त्याला त्याची गाडी हवी होती. तिकडचा उन्हाळा म्हणजे डोळा लागेपर्यंत संपणारा. जहाजाने पाठवली तर गाडी नेमकी बर्फ पडायला पोचेल, तेव्हा विमानानेच पाठवायला हवी. खर्च तो करणार होता. इकडच्यांनी फक्त गाडी विमानापर्यंत पोचवायची.

चष्मेवाले म्हणाले, "हो हो, पाठवूया की." दाढ उपटून घेताना माणूस जसा डॉक्टरला हो हो म्हणतो, तसा तो आवाज होता.

दुसऱ्याच दिवशी व्याही दुकानात हजर झाले. मुलाचे वडील मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. जमीन मोजायचं काम सुटलं होतं, पण हात काही गप्प बसत नव्हता. खिशात कायम टेप असायची आणि बोलता बोलता ते समोरच्याचं टेबल मोजून घ्यायचे. त्यांचं म्हणणं असं, की गाडी आमच्या मुलाची, तेव्हा पाठवायचा व्याप आमचा, तुम्ही आधीच एवढे दिवस सांभाळलीत. चष्मेवाल्यांचं म्हणणं असं, की गाडी जाणार आमच्या मुलीच्या घरी, तेव्हा तुम्ही जिना उतरायचेही कष्ट घेऊ नका. या दोघांचं नातं असं, की एकमेकांना नाही म्हणणं शक्य नव्हतं आणि हो म्हणणं दोघांनाही जमत नव्हतं. अर्धा दिवस आग्रहात गेला. शेवटी दोघांनी मिळून जायचं ठरलं.

विमानाने माल पाठवणाऱ्या एजंटबाईंचं ऑफिस एका पायऱ्या झिजलेल्या इमारतीत होतं. बाई एका हाताने फोनवर बोलत दुसऱ्या हाताने शिक्के मारत होत्या. त्यांनी या दोघांना बसवलं आणि सगळं सांगितलं. गाडीची टाकी कोरडी ठणठणीत हवी, विमानात पेट्रोलचा थेंब चालत नाही. बॅटरीच्या वायरी सोडवून टोकं बांधायची. गाडी धुऊन लख्ख करायची, कारण त्या देशाला दुसऱ्यांच्या मातीची आणि गवताच्या बियांची फार धास्ती. मग लाकडी खोक्यात घट्ट बांधायची. खोक्यात गाडी आणि गाडीचंच सामान असावं, दुसरं काही नाही. आणि हो, खोका हलका आणि मोठा असेल, तर भाडं वजनावर नाही, आकारावर लागतं.

व्याही पुढे सरकून बसले. "म्हणजे खोक्यातल्या रिकाम्या जागेचंसुद्धा?"

"हो काका. विमानात जागा अडते ना."

"म्हणजे आम्ही हवेचं भाडं भरायचं."

बाई म्हणाल्या, तसं म्हणा हवं तर. व्याह्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी राग आणि आनंद दिसला. हवेचं भाडं हा अन्याय होता, पण निवृत्त झाल्यापासून प्रथमच कुणीतरी त्यांना मोजण्यासारखं काहीतरी दिलं होतं.

निघताना एजंटबाईंनी सहज विचारलं, टाकीत आत्ता किती आहे. चष्मेवाले पटकन म्हणाले, दोन वर्षं गाडी जागची हललेली नाही, टाकीत काय असणार.

पुढचा आठवडा शेडमध्ये व्याह्यांचं राज्य होतं. त्यांनी गाडी उभी मोजली, आडवी मोजली, आरसे काढून मोजली. हँडल सैल करून वळवलं, तशी ती अरुंद झाली. पुढचं चाक काढलं, तशी आखूड झाली. अजून काही काढता येईल का म्हणून ते गाडीकडे असे बघायचे, की चष्मेवाले दोघांच्या मध्ये येऊन उभे राहायचे. सुतार खोका करायला आला तेव्हा व्याह्यांनी त्याला इतक्या वेळा मापं सांगितली, की त्याने शेवटी कानावरची पेन्सिल खाली ठेवून कानात कापूस घातला.

धुण्याचं काम दोघांनी मिळून केलं. बादल्या, साबण आणि जुने टूथब्रश घेऊन दोन म्हातारे गाडीच्या दोन बाजूंना बसले. व्याह्यांनी मडगार्डच्या आत ब्रश घातला आणि तो बाहेर काढून डोळ्यांसमोर धरला. ब्रशावर ओला चिखल होता आणि चिखलात हिरवंगार गवताचं पातं.

"दोन वर्षं उभी आहे म्हणालात ना?"

"हो. शेडमध्येच."

"मग हे?"

चष्मेवाल्यांनी पात्याकडे जरा वेळ पाहिलं. "वाऱ्याने आलं असेल."

सुनेच्या बापाला खोटं पाडणं व्याह्यांना जमलं नसतं. त्यांनी ब्रश धुतला. "वारा फार दिसतो तुमच्याकडे," ते म्हणाले आणि पुन्हा घासायला लागले.

खोका तयार झाला, गाडी आत बसली, पट्ट्यांनी बांधली गेली. काढलेलं चाक, दोन्ही हेल्मेटं, आरसे आणि बॅटरीच्या कडेचं झाकण अशा गाडीच्याच वस्तू कापडात गुंडाळून खाली ठेवल्या. तरी जागा उरलीच. चाकाच्या जागी पोकळी होती, इंजिनाखाली पोकळी होती, सीटच्या मागे एक लहान मूल बसेल एवढी पोकळी होती. झाकण दुसऱ्या दिवशी ठोकायचं होतं. त्या संध्याकाळी उघड्या खोक्याभोवती दोन्ही घरचे नवराबायको अशी चौघं उभी राहिली आणि चौघांच्याही मनात एकच विचार आला, की या हवेचं भाडं आपण भरतोय. एजंटबाईंनी दुसरं काही ठेवू नका म्हटलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. पण प्रत्येकाला वाटलं, की ते बाकीच्या तिघांसाठी होतं.

सकाळी पहिल्यांदा विहीणबाई आल्या. त्यांनी जाड रजई आणली आणि गाडीला ओरखडे नकोत म्हणून ती आत कोंबली. रजईच्या पोटात काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. त्या चहाला वर गेल्यावर चष्मेवाल्यांची बायको खाली आली आणि पदराआडून काहीतरी काढून तिने चाकाच्या जागी ठेवलं. मग व्याही आले, तेही जड पिशवी घेऊन. त्यांनी हिशेब केला होता, की भाडं आकाराचं असेल तर वजन फुकट पडतं, आणि फुकट पडणारं वजन वाया घालवणं त्यांना पटत नव्हतं. चष्मेवाल्यांनी मात्र शेवटी एकच गोष्ट ठेवली, गुंडाळी करून, सीटमागे.

त्याच दिवशी पहाटे त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. खोक्याची मापं पुन्हा एकदा जुळवायला म्हणून सुताराने आदल्या रात्री गाडी खोक्यातून काढून तिचं चाक आणि हँडल परत लावून ठेवलं होतं, आणि गल्ली रिकामी होती. माणसाने निरोपाला एक फेरी मारली तर काय बिघडलं. त्यांनी कॅन आणून टाकीत पेट्रोल ओतलं आणि तलावापर्यंत जाऊन आले. परत आल्यावर नळी लावून टाकी रिकामी करायला घेतली, तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाइकाला नाकावर टेकणारी पण नाकाला न लागणारी फ्रेम हवी होती. ते जाईपर्यंत सुतार आला, चाक निघालं, गाडी पुन्हा खोक्यात बसली, आणि नळीचं काम झालं असं चष्मेवाले धरून चालले.

दुपारी टेम्पोत खोका चढला. मुलगी सासरी निघाली की सगळं घर दारात येतं, तशी चौघंही गाडीला पोचवायला निघाली. विहीणबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. गाडीसाठी की ती निघाली तिकडे गेलेल्या मुलासाठी, हे त्यांनाच ठाऊक.

विमानतळाच्या मागच्या बाजूला मालाची गोदामं होती. लांबलचक पत्र्याची छपरं, पिवळ्या रेघा आखलेली फरशी, मागेपुढे करणाऱ्या उचलगाड्या. टेम्पोवाल्याने खोका उतरवला आणि तो दुसऱ्या भाड्याला निघून गेला. एजंटबाई तिथे होत्याच. खोका तपासणीच्या मोठ्या मशीनमध्ये सरकला आणि पलीकडे बाहेर यायच्या आत थांबला. पडद्यासमोर बसलेला तपासनीस पडद्याच्या जवळ गेला. मग त्याने एजंटबाईंना बोलावलं. मग त्या दोघांनी या चौघांकडे वळून पाहिलं.

"मोटरसायकल आहे ना आत?" तपासनीसाने विचारलं.

व्याही म्हणाले, आहेच.

"मग मला कुकर का दिसतोय?"

झाकण उघडलं गेलं. पहिल्यांदा कुकर निघाला, शिट्टीसकट. चष्मेवाल्यांच्या बायकोने गोदामाचं छप्पर निरखायला घेतलं. मग रजई उलगडली, तिच्यातून लोकरीचे चार स्वेटर, एक बिडाचा तवा आणि विहीणबाईंच्या लग्नातला चांदीचा आरसा आला. मग व्याह्यांची पिशवी. तिच्यात ज्ञानकोशाचे जाडजूड खंड होते. मुलगा शाळेत असल्यापासून त्याने ते वाचावेत म्हणून व्याही त्याच्या मागे लागले होते, आणि मुलगा शेवटी समुद्रापार गेला होता. सगळ्यात शेवटी सीटमागची गुंडाळी निघाली. तपासनीसाने ती सोडली. तो डोळे तपासायचा जुना तक्ता होता, खाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव असलेला.

आणि मग आग्रह सुरू झाला. व्याही म्हणाले, आमची पुस्तकं काढा, पण तक्ता राहू द्या, त्यात जीव अडकलाय. चष्मेवाले म्हणाले, छे छे, तक्ता कसला, पुस्तकं ज्ञानाची आहेत. विहीणबाई कुकरची बाजू घेऊ लागल्या आणि चष्मेवाल्यांची बायको तव्याची. तपासनीसाने सगळ्यांचं शांतपणे ऐकलं आणि सगळंच बाहेर ठेवलं. मग तो वाकला आणि त्याने नाक वर केलं.

"पेट्रोलचा वास येतोय. गाडी शेवटची कधी चालवली?"

"दोन वर्षं उभी आहे," चष्मेवाले म्हणाले.

तपासनीसाने टाकीचं झाकण उघडलं आणि टॉर्च मारला. आत चकाकलं. त्याने चष्मेवाल्यांकडे पाहिलं. एजंटबाईंनी पाहिलं. व्याही मात्र सौजन्याने दुसरीकडे पाहत होते. चष्मेवाल्यांना वाऱ्याचं पुन्हा नाव घ्यावंसं वाटलं, पण वाऱ्याने टाकी भरत नाही हे त्यांनाही कळत होतं.

"आज सकाळी चालली," त्यांची बायको म्हणाली.

तिने हे इतक्या सहज सांगितलं, की जणू दूधवाला येऊन गेला का याचं उत्तर देत होती. तपासनीसाने मान हलवली. आज माल जाणार नाही, तो म्हणाला. टाकी काढून धुवा, वाळवा, कोरडी झाली की उद्या आणा. एजंटबाई वैतागल्या, पण त्यांनी रस्ता सांगितला. गेटबाहेर रस्त्याच्या टोकाला एक गॅरेज होतं, तिथे हे काम होईल. टेम्पो तर गेला होता.

व्याह्यांनी काही न विचारता बाह्या सरसावल्या. चाक बसवलं, हँडल सरळ केलं, वायरी जोडल्या. हे सगळं त्यांनी स्वतः मोजून काढलं होतं, तेव्हा लावायलाही त्यांनाच ठाऊक. मग चौघांनी गाडी गेटबाहेर आणली.

"मी नेतो ढकलत," चष्मेवाले खाली मान घालून म्हणाले.

"ढकलत कशाला?" बायको म्हणाली. "आहे ना अजून टाकीत." आणि तिने गाडीच्या सामानातलं मुलीचं हेल्मेट उचलून डोक्यात घातलं. हनुवटीखालचा बंद मात्र तिला लावता येईना. विहीणबाईंनी पुढे होऊन तो लावून दिला.

चष्मेवाल्यांनी किक मारली. बायको मागे बसली. आधी तिने सीटची कडा धरली, मग रस्त्यात पहिला खड्डा आला तेव्हा त्यांचा खांदा.

गॅरेज समोर दिसत होतं. तिथे पोचायच्या आधीच बायको बोलायला लागली. पहिल्याच महिन्यात तिला कळलं होतं. काचा घासणाऱ्याकडून परत येणाऱ्या माणसाचे केस चपटे कसे होतात? आणि शिडीवरून पडलेल्या माणसाच्या पँटीला डांबर कसं लागतं? परवान्याचं कार्ड तर त्यांच्याच शर्टाच्या खिशात होतं, धुवायला टाकलेल्या. तिने ते वाळवून परत पाकिटात ठेवलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचाराल म्हणून वाट बघत होते. दर रविवारी सकाळी लवकर आवरून बसायचे मी. तुम्ही म्हणायचात, काचा आणतो, आणि जायचात."

चष्मेवाल्यांना आठवलं. रविवारी ती खरंच लवकर आवरायची. केस विंचरून, चपला दाराशी काढून ठेवून बसायची. आज कुठे जायचंय का, असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. उलट ती कुठे निघाली तर आपल्याला सोडायला जावं लागेल म्हणून ते पटकन सटकायचे. खोटं बोलल्याची लाज त्यांना गोदामात वाटली होती. पण आता जे वाटलं ते त्याहून वाईट होतं.

"मला वाटलं, या वयात गाडी शिकतोय म्हणून तू हसशील."

"हसलेच असते," ती म्हणाली. "मागे बसून हसले असते."

गॅरेज मागे गेलं. चष्मेवाल्यांनी वेग कमी केला नाही आणि बायकोनेही गॅरेज गेलं असं सांगितलं नाही. रस्ता विमानतळाच्या कुंपणाला धरून लांबवर जात होता. एक मोठं विमान डोक्यावरून इतक्या खालून गेलं, की बायकोने मान खाली घातली आणि मग खरोखरच हसायला लागली. तिचं हसू हेल्मेटात कोंडून बाहेर येत होतं. चष्मेवाल्यांना ते पाठीतून कळत होतं. ते आणखी पुढे गेले. कुंपण संपलं, शेतं लागली. तिथे त्यांनी गाडी वळवली, आणि वळल्यावर थोड्या वेळाने गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. टाकी रिकामी झाली होती.

परत येईपर्यंत ऊन उतरलं. चष्मेवाले पुढून हँडल धरून आणि बायको मागून ढकलत, अशी दोघं घामाघूम होऊन गेटपाशी आली. तिने हेल्मेट काढलं नव्हतं. रिकाम्या खोक्यावर व्याही आणि विहीणबाई बसले होते. त्यांच्याभोवती कुकर, तवा, रजई आणि ज्ञानकोश मांडलेले होते, आणि जाणारे-येणारे ट्रकवाले हे विकायला काढलंय का म्हणून विचारून जात होते. विहीणबाईंनी काळजीने दोघांकडे पाहिलं. व्याह्यांनी उठून गाडी धरली.

"वारा चांगला होता ना आज?" ते म्हणाले.

चष्मेवाले हसले, आणि व्याही इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर मोकळेपणी हसले. त्या दिवसापासून दोघांच्यातला आग्रह निम्म्यावर आला. एकमेकांच्या घरी गेले की आता ते नको म्हणायचं तर सरळ नको म्हणतात.

गॅरेजवाल्याने टाकी काढली, धुतली आणि वाळवली. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा खोक्यात बसली. सीटमागे हवा राहिली, चाकाच्या जागी हवा राहिली, आणि व्याह्यांनी त्या हवेकडे पाठ करून झाकण ठोकून घेतलं. फक्त रजई तेवढी एजंटबाईंनी ओरखड्यांसाठी म्हणून राहू दिली. तपासनीसाने वास घेतला आणि शिक्का मारला.

तरीही गाडी लगेच उडाली नाही. विमानात फुलांच्या पेट्या आल्या होत्या. फुलांना घाई असते, एजंटबाईंनी फोनवर सांगितलं, तुमची गाडी काही कोमेजणार नाही. विहीणबाईंना हे अपमानकारक वाटलं. पण त्यापुढच्या विमानाने गाडी गेली, मध्ये एका तिसऱ्याच देशात उतरली, तिथे दोन दिवस राहिली आणि मग पोचली. व्याही रोज सकाळी दुकानात येऊन गाडी आज कुठे आहे ते फोनवर बघायचे. तो देश किती लांब आहे हे ते काउंटरवर ठेवलेल्या शाळेच्या नकाशावर टेपने मोजायचे. आपल्या दोघांच्या आधी गाडीने जग पाहिलं, असं म्हणून ते टेप गुंडाळून खिशात ठेवायचे.

गाडी मिळाल्यावर मुलाचा फोन आला. सगळं सुखरूप होतं. तिकडच्या तपासणीवाल्यांनी इतकी स्वच्छ जुनी गाडी पाहिली नव्हती. पहिली फेरी सुनेने मारली. फक्त एक गोष्ट त्याला विचारायची होती. रजई उलगडली तर आत ज्ञानकोशाचा तिसरा खंड निघाला, तो कुणी ठेवला?

व्याही म्हणाले, त्यांना काही कल्पना नाही. मग फोन ठेवताना हळूच म्हणाले, आता पोचलाच आहे तर वाच.

त्यानंतरच्या रविवारी चष्मेवाले सवयीने पहाटे उठले. तोंड धुतलं, बूट घातले आणि दारापर्यंत आल्यावर त्यांना आठवलं, की शेड रिकामी आहे. ते तिथेच उभे राहिले. बायको आवरून खुर्चीत बसली होती. चपला दाराशी होत्या.

"तळ्यावर नेणार आहात ना?" ती म्हणाली. "एवढे दिवस तिथे काय बघत होतात ते तरी बघू दे मला."

दोघं बसने गेली. बस थांबत थांबत गेली, प्रत्येक स्टॉपवर तिने दोन माणसं आणि चार पिशव्या घेतल्या. तलाव दाखवून झाला, बांधावर बसून झालं. एवढ्याशा पाण्यासाठी तुम्ही माझ्याशी इतकं खोटं बोललात, असं बायको म्हणाली, पण उठायला तयार होईना. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि गावापर्यंत तक्रार करत राहिली. बस वळणावर कलत नाही, वारा तोंडावर येत नाही, आणि मागे बसून धरायला कुणाचा खांदा नाही. चष्मेवाले ऐकत होते. गावात उतरल्यावर घराकडे वळायच्या ऐवजी त्यांनी तिला बाजारातल्या जुन्या गाड्यांच्या दुकानाकडे नेलं. तिथे ती एकेका गाडीच्या मागच्या सीटवर बसून पाहू लागली आणि ते बाजूला तिची पिशवी धरून उभे राहिले.